नवी बॅटरी टाकली, तरी सोमवारी गाडी सेल्फ घेत नाही

शुक्रवारी संध्याकाळी गाडी ठणठणीत. शनिवार-रविवार नाशिकच्या इंदिरानगरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. सोमवारी सकाळी सातपूरला निघायचं म्हणून चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, बॉनेटखालून कट-कट-कट आवाज येतो आणि खेळ खलास. मग वॉचमन, पेपरवाला आणि जो कोणी खाली असेल तो धक्का द्यायला. मंगळवार ते शुक्रवार पुन्हा काही तक्रार नाही.

अकरा महिन्यांत मी दोन बॅटऱ्या बदलल्या. पहिली जानेवारीत गेली. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर होता, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांनी थंडीवर बिल फाडलं. बॅटरी चार वर्षांची होतीच, बदलली. ती नवी बॅटरी सप्टेंबरात बंद पडली, वॉरंटीत बदलून मिळाली. मध्येच एका इलेक्ट्रिशियनने ‘डायनॅमो चार्ज करत नाही’ म्हणून अल्टरनेटर (चालू इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) उतरवून त्याचे कार्बन आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलले. नोव्हेंबरात तिसरी बॅटरीही तेच करायला लागली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बॅटरी मरते आहे हे खरं, पण तिला मारणारा गाडीतच बसलाय.

बॅटरी घरी बदलणं हे दहाच्या पान्याचं आणि वीस मिनिटांचं काम आहे. तेही खाली सविस्तर लिहिलंय. पण बदलायच्या आधी मोजमाप केलं नाही, तर काही महिन्यांनी परत बदलायची तयारी ठेवा. मोजायला लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात काही शे रुपयांत मिळणारा. मला तो शेजारच्या काकांनी दिला. ओझरला एचएएलमध्ये विमानांच्या वायरिंगवर नोकरी काढून निवृत्त झालेले गृहस्थ. मी तिसऱ्यांदा धक्का मागायला गेलो तर म्हणाले, “अरे, आजारी माणसाला तू दर वेळी नवीन रक्त देतोयस. जखम कुठे आहे ते बघितलंस का?”

आधी तीन आकडे

मीटर डीसी व्होल्ट, २० च्या रेंजवर. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी मायनसवर. पिना थेट शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको.

पहिला आकडा रात्रभर उभ्या गाडीचा, सकाळी काहीही चालू करायच्या आधी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरी वरवरचा फुगलेला आकडा दाखवते, म्हणून सकाळ. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. आणि चार्ज करूनही १०.५ वरच अडकत असेल तर एक सेल गेलाय. त्या बॅटरीवर आणखी पैसे घालू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. मीटर तसाच लावून ठेवा आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा खाली येणारच, पण ९.६ च्या खाली जाऊ नये. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फला एकदम ८ वर कोसळली तर ती थकलेली आहे. वरून चेहरा ताजा, आत जीव नाही. उलट सकाळीच ११.९ असेल तर सेल्फचा आकडा घेऊन काही कळत नाही, आधी चार्ज करा आणि मग मोजा.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान मिळायला हवा. हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून थोडी रेस दिली तरी १३.५ च्या वर टिकायला हवा. इंजिन चालू असून आकडा १२.५ वरून हलत नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळते आहे. हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एकदाच आकडा बघून अल्टरनेटर उतरवू नका.

माझे आकडे: सोमवारी सकाळी ११.९. चार्ज केल्यावर सेल्फला १०.१. इंजिन चालू असताना १४.३. म्हणजे बॅटरी ठीक, अल्टरनेटर ठीक. जो अल्टरनेटर मी पैसे देऊन ‘दुरुस्त’ करून घेतला होता, त्याला बहुधा काही झालंच नव्हतं. दुःख झालं, पुढे जाऊ.

अर्थची वायर

हे दोन मिनिटांत होतं आणि फारसं कोणी करत नाही. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणीतरी सेल्फ मारायचा. मीटरने ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवू नये. माझ्याकडे ०.६ आला. मायनसची केबल जिथे बॉडीला बोल्टने कसलेली असते, तिथे पांढरी-हिरवी भुकटी आणि गंज साचला होता. वरून टर्मिनल चकाचक, खालचं टोक कुजलेलं. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासून परत कसला, तर ०.१. सेल्फचा आवाजच बदलला. पण सोमवारचं कोडं यानं सुटणार नव्हतं, कारण गंज बॅटरी रिकामी करत नाही, आहे ती वीज पोचू देत नाही एवढंच.

रात्री वीज कोण खातं

आता मुख्य चोर. बंद गाडीही थोडी वीज घेते: घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर नॉर्मल. हिशोब करून बघा: ०.०५ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात सांगतात). छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी एवढ्यावर दोन आठवडे सहज काढते.

मोजायची पद्धत अशी. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, रेंज १० अँपिअर डीसी. दरवाजे उघडे ठेवावे लागणार असतील तर त्यांच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. बॉनेटच्या कुलपाचंही तसंच. चावी गाडीपासून लांब, शक्यतो घरात. आता मायनसचा क्लॅम्प सोडवा आणि मीटर मध्ये घाला, एक पिन मायनस खुंटीवर, दुसरी सुटलेल्या क्लॅम्पवर. गाडीची सगळी वीज आता मीटरमधून जाते आहे. या अवस्थेत चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज क्षणात उडेल, फ्यूज नसेल तर मीटरच जळेल. काकांनी हे मला चार वेळा बजावलं, तरी मी सवयीने गाडीचं दार उघडायला गेलोच.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, दोन-तीन अँपिअरही. घाबरू नका. गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. वीस मिनिटं ते अर्धा तास थांबा. मधल्या वेळात चहा घ्या. आम्ही घेतला. परत आलो तर आकडा ०.३८ वर येऊन थांबला होता.

०.३८ म्हणजे ३८० मिलिअँपिअर. शुक्रवार रात्री नऊ ते सोमवार सकाळी नऊ म्हणजे ६० तास. गुणाकार केला तर जवळपास २३ अँपिअर-अवर, ३५ पैकी! सोमवारचं कोडं तिथेच सुटलं. आठवड्यात रोज गाडी चालायची, जेवढं जायचं तेवढं बऱ्यापैकी भरून यायचं. उन्हाळ्यात दर रविवारी आईला घेऊन देवळाली कॅम्पला जाणं व्हायचं, त्यामुळे तेव्हा लक्षात आलं नाही. पावसाळ्यात ते थांबलं आणि सप्टेंबरात बॅटरीने मान टाकली. चालू करण्यासाठीची बॅटरी अशी वारंवार तळापर्यंत उतरवण्यासाठी बनलेलीच नसते. दर वेळी प्लेटांवर सल्फेटचा थर चढतो आणि तिची भरून घ्यायची ताकद कमी होते. म्हणजे दुकानदाराने बॅटरी खराब ठरवली हे बरोबरच होतं, कारण मात्र बॅटरीत नव्हतं.

चोर पकडायला एकेक फ्यूज काढायचा आणि मीटर बघायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडतो, त्या लाइनवर चोर. फ्यूजबॉक्सचा मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवा, नाहीतर कुठला फ्यूज कुठे हे नंतर आठवत नाही. आम्ही डॅशबोर्डखालचे सगळे काढले, बॉनेटखालचेही काढले. आकडा ०.३६ च्या खाली येईना. मी हात टेकले.

काका शांतपणे म्हणाले, “फ्यूजबॉक्समध्ये नाही ना? मग तो फ्यूजबॉक्सच्या बाहेरून आलाय.”

अशा वेळी दोनच ठिकाणं उरतात. एक अल्टरनेटर, त्याच्यातला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला तर तो बंद गाडीतही बॅटरी पितो, कारण त्याची जाड वायर जवळपास थेट बॅटरीला जाते. दुसरं म्हणजे बाहेरून बसवलेलं काहीही: हॉर्न, फॉग लॅम्प, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, वूफर. आम्ही बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर बारकाईने पाहिलं. कंपनीच्या जाड केबलशेजारी आणखी एक लाल वायर होती, तिच्यावर वेगळा छोटा फ्यूज. ती वायर बॉनेटमधून आत, कार्पेटखालून ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथे मी आदल्या दिवाळीत हौसेनं बसवून घेतलेला वूफर. त्याच्या अँपवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, हात ठेवला. रात्रभर बंद गाडीत, डिसेंबरच्या तोंडावर, अँप कोमट!

त्या वायरचा फ्यूज काढला, मीटर ०.०२.

कारण नंतर समजलं. वूफरच्या अँपला तीन मुख्य वायरी असतात: बॅटरीकडून येणारी जाड लाल, बॉडीला जाणारी काळी, आणि एक बारीक निळी, जी अँपला ‘ऊठ’ किंवा ‘झोप’ सांगते. ही निळी वायर म्युझिक सिस्टिमकडून यायला हवी. माझ्या सिस्टिमला तशी वायर नव्हती, म्हणून बसवणाऱ्याने ती सोयीनं अँपच्याच जाड लाल वायरला गुंडाळली होती. ती लाल वायर थेट बॅटरीवरून येते, तिच्यात चोवीस तास करंट. अँपला कोणी कधी झोप म्हणालंच नाही. आम्ही निळी वायर चावी बंद केली की मरणाऱ्या लाइनवर घेतली. माझ्या गाडीत सिगारेट-लायटरच्या सॉकेटची लाइन तशी आहे. काही गाड्यांत ते सॉकेट कायम चालू असतं, म्हणून आधी मीटरने तपासा.

तुमच्या गाडीत वूफर नसेलही. पण स्वतःला एक प्रश्न विचारा: हा त्रास सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत गाडीत काय नवीन बसवलं? मी हे पहिल्याच जानेवारीत विचारायला हवं होतं. दिवाळीत वूफर, जानेवारीत बॅटरी. आम्ही मात्र थंडीवर खापर फोडून मोकळे.

थंडी अगदीच निर्दोष नाही. गारठ्यात इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, आणि त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. पण बॅटरीचं आयुष्य खरं खातो तो एप्रिल-मेचा उन्हाळा, बॉनेटखालची भट्टी. खून उन्हाळ्यात होतो, थंडी पंचनामा करते.

बॅटरी खरंच गेली असेल तर

गळती बंद केल्यावरही सेल्फला ९.६ च्या खाली जात असेल, किंवा बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल, तर बदला. दुकानात जाताना जुन्या बॅटरीवरचा कोड लिहून न्या, उदाहरणार्थ ३८बी२०एल. शेवटचं एल किंवा आर हे टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते सांगतं. चुकीचं अक्षर आणलंत तर केबल पोचत नाही, आणि ओढून-ताणून बसवताना उलटी जोडली गेली तर अल्टरनेटरचे डायोड आणि कॉम्प्युटर दोन्ही जाऊ शकतात. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी गाडी असेल तर तिची बॅटरी वेगळ्या जातीची असते. तिथे स्वस्तातली साधी बॅटरी टाकू नका, लवकर मरेल.

दुकानात मीटर घेऊन जायला लाजू नका. नवी बॅटरी १२.४ च्या खाली दाखवत असेल तर ती शेल्फवर बरेच दिवस पडून आहे, दुसरी मागा. उत्पादनाचा महिना बघा. वॉरंटी कार्डावर ‘२४ अधिक २४’ असं काही लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पहिले २४ महिने फुकट बदलून आणि पुढचे २४ महिने वापराच्या प्रमाणात सूट. चार वर्षं फुकट, असा त्याचा अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन बंद, चावी खिशात (गाडीत ठेवली आणि बॅटरी जोडताना सेंट्रल लॉक लागलं तर नंतर कपाळाला हात). हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना आणि अंगठी मिळून प्लस-मायनस जोडले गेले तर सोनं क्षणात लाल होतं आणि बोटही जातं. जवळपास बिडी-काडी नको, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

आधी मायनस, म्हणजे काळी. हा क्रम कशासाठी, तर गाडीची अख्खी बॉडी मायनस असते. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. मायनस सुटल्यावर मात्र प्लस सोडताना पाना कुठेही लागू दे, काही होत नाही. काळी केबल फडक्यात गुंडाळून बाजूला वळवून ठेवा, ती उसळी मारून परत खुंटीला लागते. मग लाल. मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. क्लॅम्प निघत नसेल तर पक्कड लावून पिळू नका, नट पूर्ण ढिला करून हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवा. शिसं मऊ असतं, खुंटीच तुटते.

छोट्या गाडीची बॅटरी नऊ-दहा किलोची असते. पाठ सरळ ठेवून उचला आणि आडवी करू नका. ट्रे आणि क्लॅम्पवरची पांढरी भुकटी म्हणजे ॲसिडची करणी. दोन चमचे खायचा सोडा पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासा, फेस यायचा थांबला की झालं. कोरडं पुसा. अंगावर ॲसिड उडालं तर भरपूर पाण्याने धुवा, आणि डोळ्यांचं काम आहे म्हणून चष्मा लावा, उन्हाचा चालेल.

नवी ठेवताना उलट क्रम: आधी पट्टी कसा, मग लाल, शेवटी काळी. काळी जोडताना बारीक ठिणगी उडते, ती नॉर्मल. हाताने क्लॅम्प फिरवून बघा, तसूभरही हलता कामा नये. मग वरून व्हॅसलिनचा पातळ हात. पट्टी कसायला विसरू नका. आपल्या रस्त्यांवर, विशेषतः नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपास, सैल बॅटरी आतल्या आत प्लेटा हलवून घेते.

जोडल्यावर घड्याळ चुकेल, रेडिओची स्टेशनं जातील, काच एका बटणात वर जाणं कदाचित बंद होईल. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद तसंच दाबून धरलं की अनेक गाड्यांत ते परत येतं. पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं वर-खाली होईल, आपोआप बसतं.

बॅटरी बदलायची नसेल, नुसती उतरलेली असेल, तर जंप देऊन (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून चालू करून) दहा मिनिटं फिरवून आणलं म्हणजे चार्ज झाली असं समजू नका. चार्जरवर हळू भरा, ३५ च्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. जंप देताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या लांबच्या धातूवर लावा, ठिणगी हायड्रोजनपासून दूर राहते.

स्कूटरवाल्यांनाही हेच लागू, फक्त बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची असल्याने चोर छोटा असला तरी दोन-तीन दिवसांत काम तमाम करतो. किक असते म्हणून महिनोन् महिने कळत नाही एवढंच.

जुनी बॅटरी घरी ठेवू नका, भंगारवाल्यालाही फुकट देऊ नका. आत शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड आहे. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो, भाव आधी विचारून घ्या. बॅटरी परत गोळा करून रिसायकलिंगला पाठवण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे ‘जुनी घेत नाही’ म्हणणाऱ्याकडून नवीही घेऊ नका.

वायर बदलून आता सात आठवडे झाले. तिसरी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली आणि तीच चालू आहे. परवा सोमवारी, तीन दिवस उभ्या गाडीवर, मीटरने १२.५ दाखवलं. काकांना आकडा सांगितला तर म्हणाले, “ठीक. आता माझा मीटर परत कर.”